पी. बाळू : विकेट चालल्या, कप्तानी नाही

बिलोली, देगलूर, उदगीर भागातली आपली पोरं उन्हाळाभर टेनिस बॉलच्या स्पर्धा खेळतात. त्यांना खेळाडूंची नावं तोंडपाठ असतात. पण भारताचा पहिला मोठा फिरकी गोलंदाज अस्पृश्य ठरवलेल्या समाजातला होता, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्यांचं नाव पालवणकर बाळू.

बाळूंचा जन्म 1876 मध्ये धारवाडला चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्कराच्या नोकरीत होते. पुण्यात पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, हे बाळूंचं पहिलं काम. पगार महिना तीन रुपये. पुढे इंग्रजांच्या पूना क्लबात चार रुपये मिळू लागले. तिथे ते नेटमध्ये साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करत. डावखुरी फिरकी तयार झाली ती या राबण्यातून. बॅट मात्र त्यांच्या हाती क्वचितच दिली जाई.

पुण्यातल्या हिंदू क्लबाला इंग्रजांना हरवायचं होतं, म्हणून बाळूंना संघात घेतलं. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सगळे झेलत. चहाच्या वेळी मात्र त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचं ताटही वेगळं. पुढे प्लेगच्या काळात ते मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवलं, त्यात बाळूंच्या आठ विकेट होत्या.

1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. बहुतेक सामने संघ हरला, पण बाळूंनी दौऱ्यात 114 विकेट घेतल्या. लँकेशायर, लेस्टरशायरसारख्या काउंटी संघांचे फलंदाज त्यांच्यापुढे चाचपडले. परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्कारात तरुण भीमराव आंबेडकरांचा पुढाकार होता, असं सांगतात.

एवढं करूनही बाळूंना हिंदू संघाचं कप्तानपद मिळालं नाही. 1920 मध्ये त्यांना संघातूनच वगळलं, तेव्हा भाऊ विठ्ठल आणि शिवराम निषेध म्हणून बाहेर पडले. त्यानंतर बाळूंना परत घेऊन उपकप्तान केलं गेलं. 1923 मध्ये विठ्ठल कप्तान झाले. ते पद कुणाच्या उदारपणातून आलं नाही, त्यासाठी भावंडांना अडून बसावं लागलं.

पुढची गोष्ट आपल्याला अवघड जाते. 1932 च्या पुणे करारावर बाबासाहेबांबरोबर बाळूंचीही सही आहे, पण स्वतंत्र मतदारसंघाला त्यांचा विरोध होता. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी जिंकले. बाळू 1955 मध्ये गेले.

म्हणून त्यांना विसरायचं का? ज्यांनी त्यांना कप्तानी नाकारली, त्यांनी गरजेपुरतं त्यांचं नाव वापरलं. आपण एका निवडणुकीपायी त्यांचं सगळं आयुष्य पुसलं, तर तोटा आपलाच. बाळूंचं राजकारण चुकलं, हे स्पष्ट म्हणावं. पण खेळपट्टी झाडणाऱ्या हातांनी घेतलेल्या 114 विकेट आपल्या पोरांना जरूर सांगाव्यात. आणि त्या विकेट घेणाऱ्याला चहा कुठे दिला जायचा, हेही सांगावं.

जय भीम!