मुंबापुरीचे आद्य शिल्पकार : नाना शंकरशेट

आगगाडी आणि नाना शंकरशेट ही दोन नावे आपण शाळेच्या पुस्तकापासून एकत्र ऐकत आलो आहोत. परंतु नानांचे चरित्र वाचताना माझे मन आगगाडीइतकेच एका स्मशानभूमीच्या हकिकतीपाशी रेंगाळले. या दोहोंचा एकमेकींशी संबंध काय, असे कोणीही विचारील. मला मात्र नानांचे खरे मोठेपण तेथेच दिसते.

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी झाला. घराणे मूळचे मुरबाडचे, व्यापारउदीम करणारे. १८२२ साली वडील वारले आणि ऐन विशीच्या उंबरठ्यावर सारा कारभार नानांच्या अंगावर पडला. पैसा मुबलक होता. पण तो त्यांनी शाळांसाठी, विद्यार्थ्यांसाठी सढळ हाताने वेचला. मुलींनी शिकणे हेच जेव्हा पाप समजले जाई, तेव्हा त्यांनी मुलींच्या शाळेला स्वतःच्या वाड्यात जागा दिली.

विलायतेत आगगाडी धावू लागली, तशी ती आपल्याकडेही यावी, हा ध्यास त्यांनी घेतला. १८४५ मध्ये सर जमशेटजी जीजीभाईंसमवेत त्यांनी त्यासाठी खटपट सुरू केली. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी निघाली, तेव्हा नाना तिच्या संचालकांत होते. कंपनीच्या कचेरीसाठी त्यांनी गिरगावातील आपल्या वाड्यात जागा दिली. अखेर १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. अंतर ३४ किलोमीटर, डबे १४ आणि पाहुणे सुमारे ४००. त्यांत नानाही होते. १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ च्या प्रारंभी थळघाट रुळांनी ओलांडला, हेही त्यांना पाहता आले.

आता ती स्मशानभूमीची हकिकत. वाढत्या शहराला जागा हवी, म्हणून गिरगावाजवळचे सोनापूर हलवून स्मशान दूर शिवडीला न्यावे, असा सरकारचा विचार होता. नानांनी त्यास कसून विरोध केला आणि तो बेत रद्द झाला. श्रीमंताला शिवडी दूर नव्हती, त्याच्या दारात गाडीघोडा होता. पण प्रेत खांद्यावरून नेणाऱ्या गरिबाला ती वाट केवढी जड गेली असती! जो माणूस ठाणे जवळ आणण्यासाठी झटला, तोच सोनापूर दूर जाऊ नये म्हणूनही झटला. शहरातील अंतराची किंमत शेवटी गरिबाचे पायच मोजतात. नानांच्या या दोन्ही कामांतून मी हाच एक अर्थ घेतो.

भायखळ्याची राणीची बाग आणि तेथील वस्तुसंग्रहालय यांच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. मुंबईच्या कायदेमंडळात हिंदी लोकांच्या वतीने ते बसले. ३१ जुलै १८६५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती पुढे कित्येक पिढ्यांतील विद्यार्थ्यांना भूषणावह वाटत आली.

२०२५ साली मुंबईच्या भुयारी मेट्रोच्या एका स्थानकाला नानांचे नाव मिळाले, हे उचितच झाले. परंतु नवा मार्ग, नवा पूल किंवा नवी वसाहत यांचा नकाशा आखताना, यामुळे कोणाची पायपीट वाचेल आणि कोणाची वाढेल, हा प्रश्न आधी विचारला गेला, तर तेच नानांचे खरे स्मारक ठरेल.