समुद्राची आई : डॉ. कॅथलीन ड्रू-बेकर



पेरणीच्या आधी शेतकऱ्याला काय लागतं? बियाणं. पण बियाणं कुठून येतं हेच माहीत नसेल तर? जपानमधल्या समुद्रशेती करणाऱ्या कोळी बांधवांची अशीच गत होती. त्यांचा प्रश्न सोडवला एका इंग्रज बाईंनी, आणि त्या कधी जपानला गेल्यासुद्धा नव्हत्या! आज त्यांचीच माहिती पाहूया.

जन्म व शिक्षण

कॅथलीन ड्रू यांचा जन्म 6 नोव्हेंबर 1901 रोजी इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातल्या ली या गावी झाला. मँचेस्टर विद्यापीठातून 1922 साली त्या वनस्पतिशास्त्रात प्रथम श्रेणीत पदवीधर झाल्या आणि तिथेच शिकवू लागल्या. समुद्रातील शेवाळ हा त्यांचा आवडीचा विषय. पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि त्यांनी दोन वर्षं अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात अभ्यास केला.

लग्न झाले, नोकरी गेली

1928 साली त्यांचं लग्न हेन्री राइट-बेकर यांच्याशी झालं. त्या काळी विवाहित स्त्रियांना नोकरीवर ठेवायचं नाही असा विद्यापीठाचा नियम होता. त्यामुळे त्यांची शिकवण्याची नोकरी गेली. दुसरं कोणी असतं तर घरी बसलं असतं. पण कॅथलीनबाईंनी प्रयोगशाळा सोडली नाही. संसार आणि दोन मुलं सांभाळून त्या बिनपगारी संशोधक म्हणून काम करत राहिल्या. 1939 साली त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळाली.

नोरीचे कोडे

जपानमध्ये नोरी नावाचं शेवाळ खातात. त्याचे कागदासारखे पातळ पापुद्रे वाळवतात आणि त्यात भात गुंडाळतात. कोळी लोक शरद ऋतूत उथळ खाडीत बांबू आणि जाळी लावत. नशिबाने त्यावर शेवाळ धरलं तर पीक, नाहीतर वर्ष वाया! उन्हाळ्यात हे शेवाळ दिसेनासं व्हायचं. ते कुठे जातं आणि परत कुठून येतं, कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून लोक त्याला जुगाऱ्याचं गवत म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर वादळं आली, किनाऱ्याचं पाणीही खराब झालं आणि हे पीक पार कोसळलं. आधीच युद्धाने पोळलेल्या कुटुंबांची चूल बंद पडायची वेळ आली.

शिंपल्यात सापडले उत्तर

इकडे कॅथलीनबाई ब्रिटनच्या किनाऱ्यावरील नोरीच्याच जातभाईचा अभ्यास करत होत्या. वेल्समध्ये लोक ते शेवाळ शिजवून खातात. त्याचे बीजाणू त्यांनी पाण्यात शिंपल्यांसोबत वाढवून पाहिले. बघतात तर काय, बीजाणू शिंपल्याच्या कवचात शिरले आणि तिथे त्यांचे गुलाबीसर बारीक धागे वाढले! शास्त्रज्ञ या धाग्यांना आतापर्यंत कोंकोसेलिस नावाची वेगळीच वनस्पती समजत होते. पण ते त्याच शेवाळाचं दुसरं रूप निघालं. फुलपाखरू आणि सुरवंट दिसायला वेगळे, पण जीव एकच, तसंच हे. 1949 साली नेचर या विज्ञान साप्ताहिकात त्यांनी हा शोध मांडला.

जपानच्या क्यूशू विद्यापीठातील सोकिची सेगावा यांनी तो वाचला आणि जपानी नोरीचंही तसंच आहे हे पाहिलं. कुमामोतो भागातील संशोधक फुसाओ ओता आणि इतरांनी त्यावरून शेतीची पद्धत तयार केली. टाकीत शिंपल्यांवर बीज वाढवायचं, शरदात पाणी थंड झालं की बाहेर पडणारे बीजाणू जाळ्यांवर धरायचे आणि ती जाळी समुद्रात लावायची. आता बियाणं माणसाच्या हातात आलं!

आजची नोरीची शेती याच पायावर उभी आहे, बरं का. काटेरी समुद्री अर्चिनचीही पिल्लं जपानमध्ये टाक्यांत वाढवून समुद्रात सोडतात. आधी जीवनचक्र समजून घ्यायचं, मग शेती. म्हणजे समुद्र नुसता ओरबाडावा लागत नाही.

शेवट

1952 साली ब्रिटनमध्ये शैवाल अभ्यासकांची संस्था स्थापन झाली. कॅथलीनबाई तिच्या संस्थापकांपैकी एक आणि पहिल्या अध्यक्ष होत्या. 14 सप्टेंबर 1957 रोजी, वयाच्या 55 व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

ही गोष्ट सांगितली की मुलं हमखास विचारतात, मग त्यांना बक्षीस काय मिळालं? पैसा तर मिळाला नाही. पण 1963 साली जपानच्या उतो गावी समुद्राकाठी त्यांचं स्मारक उभं राहिलं, तेही नोरी पिकवणाऱ्यांच्या वर्गणीतून. दरवर्षी 14 एप्रिलला लोक तिथे जमतात आणि समुद्राची आई म्हणून त्यांची आठवण काढतात.

मुलांनो, आपल्या कामाचा उपयोग कोणाला होईल हे आपल्याला आधी कळत नाही. म्हणून हातातलं काम मन लावून करायचं.

विचार करा व लिहा

1. नोरीला जुगाऱ्याचं गवत का म्हणत?
2. कॅथलीनबाईंची नोकरी का गेली? तो नियम तुम्हाला योग्य वाटतो का?
3. तुमच्या परिसरातील एका जीवाचे जीवनचक्र काढून रंगवा.