जमशेटजींचा नागपुरी हिशेब

नागपूरच्या गांधीसागर तलावाजवळ एम्प्रेस मॉल आहे. तिथं खरेदीला जाणाऱ्या किती जणींना ठाऊक असेल, की त्या जागी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल होती? पोलाद आणि ताजमहाल हॉटेलसाठी जमशेटजी सर्वांना माहीत आहेत. मला ते आठवतात शेअर बाजारामुळे. हल्ली आमच्या बचत गटाच्या बैठकीत अमुक शेअर घेऊ का, असं कुणीतरी विचारतंच. मग मी त्यांची गोष्ट सांगते.

जमशेटजींचा जन्म १८३९ चा, नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात झालं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा खेळू लागला, रोज नव्या कंपन्या निघू लागल्या. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. २८५० रुपयांवर गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर ८७ रुपयांवर आला! टाटांचं घरही होरपळलं. वडील नसरवानजींना राहतं घर विकावं लागलं. जमशेटजी तेव्हा लंडनमध्ये होते. तिथल्या देणेकऱ्यांना ते प्रामाणिकपणे सामोरे गेले.

त्या वेळी लोक फक्त भाव बघत होते, कंपनी कमावते किती हे कुणी विचारत नव्हतं. आज त्यासाठी सोपं गणित आहे. शेअरचा भाव भागिले एका शेअरमागची वर्षाची कमाई. याला पी-ई म्हणतात. भाव २०० आणि कमाई १० रुपये असेल, तर पी-ई २०. म्हणजे एक रुपया कमाईसाठी आपण २० रुपये मोजतोय.

१८६८ मध्ये जमशेटजींनी २१ हजार रुपयांवर पुन्हा धंदा मांडला. पुढे १८७४ मध्ये १५ लाखांच्या भांडवलाची कंपनी काढली, आणि मिल मुंबईत न घालता आपल्या नागपुरात घातली. कापूस इथलाच, कोळसा वरोऱ्याचा, रेल्वे दारात. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणी सम्राज्ञी झाली त्याच दिवशी, मिल सुरू झाली. म्हणून नाव एम्प्रेस. मग नव्या पद्धतीच्या रिंग चात्या आल्या. कामगारांसाठी १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी आला.

म्हणजे आजच्या कमाईबरोबर उद्याची वाढही बघायची. पी-ईला कमाईच्या वाढीच्या टक्क्यांनी भागायचं, की पी-ई-जी मिळतो. वरच्या शेअरची कमाई दरवर्षी २० टक्के वाढत असेल, तर उत्तर १. दुसऱ्याचा पी-ई फक्त १०, पण वाढ ५ टक्के, तर उत्तर २. स्वस्त दिसणारा महाग निघाला ना? साधारण १ च्या आसपास असेल तर भाव रास्त समजतात. पण वाढीचा आकडा अंदाजाचा असतो, बरं का! सांगणारा तो फुगवूनही सांगतो.

आणि नुसती स्वस्ताई फसवी असते. १८८६ मध्ये जमशेटजींनी कुर्ल्याची धरमसी मिल साडेबारा लाखांत घेतली, तिचं नाव स्वदेशी ठेवलं. यंत्रं इतकी खिळखिळी निघाली, की शेअर गडगडले. तेव्हा त्यांनी स्वतःचे एम्प्रेसचे काही शेअर विकून त्यात पैसा ओतला आणि मिल सावरली.

१९०४ मध्ये जर्मनीत त्यांचं निधन झालं. १९०७ मध्ये त्यांच्या मुलांनी पोलाद कंपनीचे शेअर काढले, तेव्हा सुमारे आठ हजार भारतीयांनी तीन आठवड्यांत ते उचलले. माणसांचा विश्वास असा कमवावा लागतो.

तेव्हा मैत्रिणींनो, भिशीचे किंवा मुलीच्या शिक्षणाचे पैसे कुणाच्या सांगण्यावरून शेअरमध्ये घालू नका. आधी कंपनीचा वार्षिक अहवाल मागा. मागच्या पाच वर्षांची कमाई आणि डोक्यावरचं कर्ज वहीत लिहून काढा. भागाकार तर आपण रोज भाजी घेतानाही करतोच की!