छापखाना फुटला, वर्गणीदारांची यादी उरली

महात्मा जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. त्या वेळी मुक्त झालेल्या गुलामांपैकी एक मुलगी मिसिसिपी राज्यातील होली स्प्रिंग्ज या गावी दहा-अकरा वर्षांची होती. तिचे नाव आयडा बी. वेल्स. फुल्यांची अर्पणपत्रिका आपल्याला ठाऊक आहे, पण या मुलीने पुढे काय केले हे आपल्या सभांमधून फारसे सांगितले जात नाही. छोट्या शहरातील वर्तमानपत्र कशावर जगते, हे तिच्या चरित्रातून जितके कळते तितके अन्यत्र क्वचितच कळेल. म्हणून आज तिच्याविषयी लिहीत आहोत.

आयडाचा जन्म 16 जुलै 1862 चा, गुलामीतच झालेला. 1878 च्या पीतज्वराच्या साथीत आई-वडील गेले. सोळा वर्षांच्या या मुलीने भावंडे वाटून द्यायला नकार दिला, शिक्षिकेची नोकरी धरली आणि घर चालवले. पुढे ती टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरी आली. तेथे रेल्वेत महिलांच्या डब्याचे तिकीट हातात असताना तिला बळजबरीने बाहेर काढण्यात आले. तिने कंपनीवर दावा ठोकला. डिसेंबर 1884 मध्ये खालच्या कोर्टाने 500 डॉलरची भरपाई दिली, पण 1887 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. आम्ही वकिली करतो. खाली जिंकून वर हरलेल्या पक्षकाराचा चेहरा आम्हाला नवा नाही. अशा वेळी बहुतेक माणसे घरी बसतात. आयडाने लेखणी उचलली.

1890 च्या सुमारास मेम्फिसची लोकसंख्या होती 64 हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या एखाद्या शहराएवढी. तेथे ‘फ्री स्पीच अँड हेडलाइट’ नावाचे कृष्णवर्णीयांचे छोटे पत्र निघत असे. 1889 मध्ये तिला लिहिण्याचे निमंत्रण आले. तिने अट घातली, बरोबरीची भागीदारी मिळाली तरच येईन! तिसरा हिस्सा विकत घेऊन ती संपादक झाली.

या संपादक बाईंनी लिहिले काय? 1891 मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांच्या पडक्या इमारती आणि शिक्षकांच्या नेमणुका यांवर बोट ठेवले. त्याच शाळांमध्ये त्या स्वतः नोकरीला होत्या. अर्थातच नोकरी गेली. ज्या पालकांसाठी लिहिले, त्यांच्यापैकीही अनेकजण धावून आले नाहीत. तरी त्या खचल्या नाहीत. रेल्वेने गावोगाव फिरल्या, चर्चमध्ये आणि सभांमध्ये उभ्या राहून वर्गणीदार केले. वर्षभराच्या आत पत्राचा खप दुपटीहून अधिक झाला. रेल्वेत अंक विकणारी पोरे निरक्षर माणसांच्या हातात भलतेच पत्र खपवीत. तेव्हा बाईंनी आपले पत्र गुलाबी कागदावर छापायला सुरुवात केली. ज्याला अक्षर येत नव्हते, तोही रंग पाहून आपले पत्र मागू लागला आणि घरी नेऊन शिकलेल्या माणसाकडून वाचून घेऊ लागला. वाचता न येणारा समाजही वर्तमानपत्र विकत घेतो, फक्त ते आपले आहे ही खात्री पटावी लागते!

मार्च 1892 मध्ये मेम्फिसच्या तीन कृष्णवर्णीय दुकानदारांना तुरुंगातून ओढून नेऊन झुंडीने गोळ्या घातल्या. त्यांचा गुन्हा एवढाच की, त्यांचे किराणा दुकान शेजारच्या गोऱ्या दुकानदाराच्या धंद्याला भारी पडत होते. त्यांतील थॉमस मॉस हा बाईंचा जिवलग स्नेही होता. जे शहर आपले रक्षण करीत नाही ते सोडून जा, असा सल्ला ‘फ्री स्पीच’ने दिला आणि हजारो लोक पश्चिमेकडे निघाले. ट्रामवर बहिष्कार पडला. सहा आठवड्यांनी ट्राम कंपनीचे अधिकारी या छोट्या पत्राच्या कचेरीत विनवणी करायला आले. बाईंनी ती मुलाखत छापली आणि लोकांना आणखी काही दिवस पायीच चालायला सांगितले.

मग त्यांनी अशा हत्यांची कारणे एकेक करून तपासली. गोऱ्या स्त्रीवर अत्याचार हे कारण बहुतेक ठिकाणी खोटे आहे, हे त्यांनी 21 मे 1892 च्या अंकात उघड लिहिले. त्या प्रवासाला गेल्या असताना 27 मे रोजी झुंडीने कचेरी फोडली आणि छपाईचे सामान नष्ट केले. भागीदार जीव घेऊन पळाला. परत आल्यास ठार मारू, असा निरोप बाईंना मिळाला.

येथेच ‘फ्री स्पीच’ संपले, असे कोणालाही वाटेल. पण झुंडीच्या हाती एक गोष्ट लागली नाही. वर्गणीदारांची यादी! त्या यादीच्या मोबदल्यात ‘न्यूयॉर्क एज’ या पत्राचे संपादक टी. थॉमस फॉर्च्यून यांनी बाईंना आपल्या पत्राचा चौथा हिस्सा दिला. 25 जून 1892 रोजी त्यांचा सात स्तंभांचा लेख त्यात पहिल्या पानावर आला. त्या अंकाच्या दहा हजार प्रती निघाल्या आणि त्यांतील एक हजार मेम्फिसच्याच रस्त्यांवर विकल्या गेल्या. पुढे इंग्लंडचे दौरे झाले. 1895 च्या ‘रेड रेकॉर्ड’ या पुस्तकात त्यांनी गोऱ्यांच्याच वृत्तपत्रांचे आकडे वापरून गोऱ्यांचा खोटेपणा सिद्ध केला. प्रतिपक्षाच्या कागदावरूनच आपली बाजू शाबीत करणे, ही वकिलांनीही शिकावी अशी रीत आहे. 25 मार्च 1931 रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले. 2020 मध्ये त्यांना मरणोत्तर पुलित्झर सन्मान मिळाला. अशा हत्यांविरुद्धचा केंद्रीय कायदा अमेरिकेत व्हायला 2022 साल उजाडले.

आता आपल्याकडे पाहू. बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ 1923 मध्ये आणि ‘बहिष्कृत भारत’ 1929 मध्ये बंद पडले. त्यांचा छापखाना झुंडीने फोडला नव्हता, वर्गणी पुरली नव्हती! आज तालुक्याच्या गावी निघणारी साप्ताहिके वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिरातींवर जगतात. ज्याची जाहिरात पहिल्या पानावर, त्याच्याविरुद्धची बातमी शेवटच्या पानावरही येत नाही. वस्तीवर अत्याचार घडतो, चार ओळी कोठे छापून येत नाहीत आणि महिन्याने आम्ही कोर्टात उभे राहतो तेव्हा हाती केवळ पोलिसांनी लिहिलेला कागद असतो. दोष फक्त संपादकाला देऊन चालणार नाही. चौघांत एक अंक फिरवून वाचणारे, जयंतीच्या कमानीला हजार रुपये देणारे आणि वर्षाच्या वर्गणीला पुढच्या महिन्याचा वायदा करणारे आपणच आहोत.

आपल्या गावच्या पत्राच्या वर्गणीदारांच्या यादीत आपले नाव आहे काय, एवढे प्रत्येकाने आज तपासावे. नसेल, तर ते पत्र बंद पडल्यावर हळहळण्याचा हक्क आपल्याला नाही.