तेवीस खंडांचे कर्ज

बँकेच्या नोकरीत माणसाच्या नशिबी बदल्या फार. लग्नाआधीच्या माझ्या अशाच एका बदलीत मी पारनेरला आलो. नगर जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले २०२४ साली. मी सांगतो आहे ती गोष्ट त्याच्या चाळीस वर्षे आधीची. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शाखेत पेन्शनरांची रांग लागे. त्या रांगेत एक निवृत्त शाळामास्तर असत. धोतर, वर कोट, हातात कापडी पिशवी. नव्या साहेबाला वाचनाचा नाद आहे हे त्यांना कुठून तरी कळले आणि एका रविवारी त्यांनी मला घरी चहाला बोलावले.

माजघरात भिंतीत एक कपाट होते. त्यात जाड पुठ्ठ्याचे, पाठीवरची अक्षरे पुसट झालेले मोठे ग्रंथ ओळीने उभे होते. महाराष्ट्रीय ज्ञानकोश. तेविसांपैकी चौदा. मास्तरांच्या वडिलांनी वर्गणी भरून ते घेतले होते. बाकीचे कुणी वाचायला नेले ते परत आलेच नाहीत. त्या दिवशी मास्तरांनी मला एक गोष्ट अभिमानाने सांगितली. पारनेरचे सुपुत्र पांडुरंग महादेव बापट, म्हणजेच सेनापती बापट, यांनीही काही काळ या ज्ञानकोशाचे काम केले होते. ऐकून मी चकित झालो. पॅरिसमध्ये बाँबची विद्या शिकून आलेला क्रांतिकारक आणि कोशातल्या नोंदी, यांचा मेळ मला बसेना. तो मेळ बसवण्याच्या निमित्ताने मी ज्ञानकोशकार केतकरांच्या आयुष्याकडे वळलो आणि मग त्या माणसाने मला सोडले नाही.

श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूरला झाला. शाळेचे शिक्षण अमरावतीला झाले, पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात. तिथल्या पदवीची वाट न पाहता हा बावीस वर्षांचा तरुण १९०६ साली अमेरिकेला निघून गेला. त्या काळी हुशार मराठी मुलगा विलायतेला जाई तो बॅरिस्टर किंवा आय.सी.एस. होण्यासाठी. केतकर गेले ते कॉर्नेल विद्यापीठात, समाजशास्त्र आणि राज्यशास्त्र शिकायला. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची मदत मिळाली आणि शिक्षण पार पडले.

परदेशात त्यांनी अभ्यासाला विषय घेतला तो आपल्याच घरातला, आपल्या जातिसंस्थेचा. मनुस्मृतीचा आधार घेऊन लिहिलेला त्यांचा जातींच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला आणि त्याचा दुसरा भाग १९११ साली लंडनमध्ये. त्याच वर्षी ते पीएच.डी. झाले. वय सत्तावीस. एवढ्या भांडवलावर कुणीही सरकारी विद्यालयात सुखाची प्राध्यापकी मिळवली असती. १९१२ साली परतल्यावर केतकरांनी कलकत्ता विद्यापीठात थोडा काळ शिकवलेही. पण मन तिथे रमले नाही.

त्यांच्या डोक्यात कोश होता. त्या सुमाराचे जग पाहिले की हे वेड कुठून आले असावे याचा अंदाज येतो. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाची सुप्रसिद्ध अकरावी आवृत्ती १९१० आणि १९११ साली बाहेर पडली, एकोणतीस खंडांची. बंगालीत नगेंद्रनाथ बसूंनी बावीस खंडांचा विश्वकोश १९११ मध्ये पूर्ण केला होता. मराठीत मात्र असे काही नव्हते. इंग्रजी न येणाऱ्या मराठी माणसाला एखादी गोष्ट समजून घ्यायची झाली तर त्याने जायचे कुठे? आणि इंग्रजी येणाऱ्याला जे जग दिसे ते लंडनच्या खिडकीतून पाहिलेले. आपल्या अंगणात उभे राहून जग पाहायचे तर आपला कोश आपणच केला पाहिजे, असे केतकरांच्या मनाने घेतले.

इथे माझ्यातला बँकवाला जागा होतो. समजा, एकतिशीतले केतकर आमच्या शाखेत कर्जाचा अर्ज घेऊन आले असते. व्यवसाय कोणता, तर ज्ञानकोश. पूर्वानुभव काही नाही. तारण काही नाही. माल तयार व्हायला किती वर्षे लागतील सांगता येत नाही. गिऱ्हाईक कोण, तर ज्यात बहुसंख्य लोकांना अक्षरओळख नाही असा प्रदेश. त्यात पहिले महायुद्ध चालू, कागद महाग. कोणत्याही शाखाधिकाऱ्याने तो अर्ज नम्रपणे परत केला असता. मीही केला असता.

त्या काळी अशा कामाचे दोनच मार्ग. एखाद्या संस्थानिकापुढे हात पसरायचे किंवा सरकारच्या दारात उभे राहायचे. केतकरांनी तिसरा मार्ग काढला. त्यांनी नागपूरला महाराष्ट्रीय ज्ञानकोश मंडळ नावाची चक्क लिमिटेड कंपनी उभी केली. लोकांना भाग विकायचे, ग्राहकांकडून वर्गणी घ्यायची आणि त्या पैशांवर कोश काढायचा. ज्ञानाची कंपनी ही कल्पनाच तेव्हाच्या लोकांना चमत्कारिक वाटली असणार. गिरणीचा शेअर घेतला तर लाभांशाची आशा असते. ज्ञानकोशाचा शेअर घेऊन काय मिळणार? तरीही वकील, मास्तर, डॉक्टर, सावकार, लहान गावांतले वतनदार पुढे आले. पारनेरच्या त्या कपाटातले चौदा खंड हे अशाच एका माणसाच्या विश्वासाचे फळ होते.

काम नागपुरात सुरू झाले आणि पुढे पुण्याला आले. बिऱ्हाड, कचेरी, संपादक मंडळ असा मोठा संसार मांडला गेला. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे यांच्यासारखे तरुण मदतीला आले. सेनापती बापटांचा संबंध आला तो याच पुण्याच्या काळात. एडिंबरोला शिकायला गेलेले बापट, भूमिगत राहून परत आले, पारनेरला लोकसेवा केली, मग पुण्यात वृत्तपत्रांत लिहू लागले आणि ज्ञानकोशाच्या कामातही आले. १९२० साली पत्नी गेली आणि पुढल्या वर्षी ते मुळशीच्या सत्याग्रहात उतरले. मास्तरांच्या माजघरात न बसलेला मेळ मला इथे बसला. दोघेही परदेशात शिकून आलेले, दोघांनीही सुखाची नोकरी नाकारलेली. एकाने देश हातात शस्त्र घेऊन जागवायचा म्हटले, दुसऱ्याने हातात लेखणी घेऊन. काही काळ दोघांची कचेरी एक झाली, यात नवल ते काय?

कोशाचे काम बाहेरून दिसते तसे नसते. कथाकादंबरी लिहिणाऱ्याला मधेच थांबता येते, कोशवाल्याला येत नाही. अकारापासून नोंदींची यादी करायची. ती करताना हकारातले काय येणार हेही ठाऊक हवे, नाही तर एकच गोष्ट दोन नावांनी दोनदा येते किंवा दोन्हीकडून निसटते. प्रत्येक नोंदीला लेखक शोधायचा. त्याने वेळेवर लिहिले नाही तर पुढचे शंभर फर्मे अडतात. रसायन, यंत्र, वैद्यक यांतल्या कितीतरी कल्पनांना मराठीत शब्दच नव्हते, ते घडवायचे. दर महिन्याला पगार, कागदाचे बिल, छपाईचे बिल. आणि हे सगळे चालू असताना पुढचे ग्राहक मिळवण्यासाठी गावोगाव हिंडायचे.

पहिले खंड हाती पडले तेव्हा पुष्कळ ग्राहक गोंधळले. लोकांची अपेक्षा होती अकारविल्हे माहितीची. केतकरांनी आधी पाच प्रस्तावनाखंड काढले. हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास. दुकानदाराकडे शेरभर साखर मागावी आणि त्याने आधी उसाच्या लागवडीचा इतिहास सांगावा, तसे काहींना वाटले असेल. पण केतकरांचा हिशेब वेगळा होता. सुटी माहिती म्हणजे ज्ञान नव्हे. वाचकाला आधी आपण कुठे उभे आहोत हे कळले पाहिजे. मग अकारापासून कुठलीही नोंद उघडावी.

१९२० साली सुरू झालेले प्रकाशन १९२९ साली संपले. पाच प्रस्तावनाखंड, मग अकारविल्हे शरीरखंड, त्यांमागून सूची आणि पुरवणी, मिळून तेवीस खंड. आपल्याकडे मोठी कामे सुरू पुष्कळ होतात. पुरी होतात ती थोडी. एका माणसाच्या हयातीत, परक्या राजवटीत, सरकारच्या तिजोरीला हात न लावता हे काम पुरे झाले. त्याच्या जमाखर्चाची हकिगतही केतकरांनी स्वतः लिहून ठेवली. ज्ञानकोश मंडळाचा इतिहास सांगणारे त्यांचे पुस्तक १९२७ साली आले. भागधारकांना हिशेब देणारा असा संस्थापक मला माझ्या नोकरीत फार वेळा भेटला नाही.

या धावपळीत त्यांचे लग्न झाले तेही जगावेगळे. लंडनमध्ये ओळख झालेली एडिथ कोन ही जर्मन ज्यू तरुणी १९२० साली हिंदुस्थानात आली. व्रात्यस्तोम हा जुना वैदिक विधी करून तिला हिंदू करून घेतले गेले आणि ती शीलवती केतकर झाली. जातीचा इतिहास लिहिणाऱ्याने जातीची भिंत स्वतःच्या घरापुरती अशी ओलांडली. पुण्यातल्या त्या काळच्या पेठांमध्ये या संसाराकडे कोणत्या नजरांनी पाहिले गेले असेल, याची कल्पना करावी. पण बाई पक्क्या निघाल्या. विंटरनिट्झ या पंडिताच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचे त्यांनी जर्मनमधून इंग्रजीत भाषांतर केले. मराठी शिकल्या. उतारवयात, १९६९ साली, त्यांनी मराठीत आपली आठवणींची कहाणी लिहिली. मीच हे सांगितले पाहिजे, असे त्या पुस्तकाचे नाव. ज्यांच्या घरात एखादा झपाटलेला माणूस असतो त्या घरातल्या बाईला काय सोसावे लागते, हे ज्यांना जाणून घ्यायचे आहे त्यांनी ते अवश्य वाचावे.

कोशाच्या धबडग्यात केतकरांनी कादंबऱ्याही लिहिल्या. गोंडवनातील प्रियंवदा, परागंदा, ब्राह्मणकन्या. भाषा ओबडधोबड, रचना सैल, अशी टीका त्यांच्यावर झाली आणि ती अगदीच खोटी नाही. एक कादंबरीकार म्हणून मलाही त्यांची पाने कधी कधी कोरडी वाटतात. पण ब्राह्मणकन्येतली कालिंदी मला विसरता येत नाही. मिश्र विवाहातून जन्मलेली, कोणत्याच जातीत जागा नसलेली ही मुलगी लग्नाविना एका व्यापाऱ्याच्या घरी राहण्याचा निर्णय घेते. हे १९३० सालचे पुस्तक आहे. ज्या प्रश्नांना तेव्हाचे गोड लिहिणारे लेखक बगल देत, ते केतकर थेट अंगावर घेत.

१९३१ साली हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. १९३५ साली सातवाहन काळावरचा त्यांचा प्राचीन महाराष्ट्राचा ग्रंथ आला. गुजराती ज्ञानकोशाचेही काम त्यांनी हाती घेतले होते, पण ते तडीस गेले नाही. मान होता, पैसा नव्हता. शेवटची वर्षे ओढग्रस्तीत गेली. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. वय अवघे त्रेपन्न.

ताळेबंद मांडायचा तर जमेच्या बाजूला काय? दाते आणि कर्वे यांनी त्या कचेरीत घेतलेले शिक्षण वाया गेले नाही. त्यांनी पुढे सात विभागांचा महाराष्ट्र शब्दकोश काढला. स्वराज्य आल्यावर राज्य सरकारने वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या हाती मराठी विश्वकोश सोपवला आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यामागे सरकार होते, अनुदान होते, आणि ते योग्यच होते. पण मराठीत विश्वकोश होऊ शकतो हे आधी एका माणसाने करून दाखवले होते. ज्ञानकोशातली पुष्कळ माहिती आता जुनी झाली, काही मते तर आज पटणार नाहीत. कोशाचे हे भाग्यच असते. तो जुना होण्यासाठीच लिहायचा असतो, म्हणजे पुढच्यांना नवा लिहावासा वाटतो.

खर्चाच्या बाजूला एक नोंद माझ्या नावावर आहे. पारनेरहून माझी बदली झाली तेव्हा मास्तर थकले होते. ते चौदा खंड मी न्यावेत असे त्यांनी सुचवले. घरात पुढे कुणी वाचणारे नव्हते. मी दोन खोल्यांत राहत होतो, नव्या गावी जागा कशी मिळेल ठाऊक नव्हते. पुढच्या खेपेला नेतो म्हणालो. पुढची खेप तीन वर्षांनी झाली. मास्तर गेले होते, वाड्याला नवा रंग लागला होता आणि कपाटात स्टीलची भांडी मांडलेली होती. पुस्तकांचे विचारायचा मला धीर झाला नाही. सुनेने केलेला चहा घेऊन मी परत फिरलो.

आता यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने तो सगळा ज्ञानकोश संगणकावर आणला आहे. नातवाच्या फोनवर तेवीसच्या तेवीस खंड क्षणात उघडतात, कपाट लागत नाही. मी अधूनमधून एखादी नोंद वाचत बसतो. नातू विचारतो, आजोबा, एवढे जुने काय वाचता? मी त्याला सांगतो, एक कर्ज आहे बाळा, व्याज भरतो आहे. मुद्दल काही माझ्याच्याने फिटायचे नाही.