तटबंदीआडची भूमिती

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलामुलींची पहिली झटापट होते ती ड्रॉइंगशी. एखादी तिरपी कापलेली वस्तू समोरून कशी दिसेल, वरून कशी दिसेल, हे दोन प्रतलांवर काढायचे आणि त्या दोन सपाट चित्रांवरून मूळ घनाकृती मनात उभी करायची. पुण्या-मुंबईतील कित्येक पिढ्या ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअर काखोटीला मारून याच परीक्षेला सामोऱ्या गेल्या. आता हे काम बव्हंशी संगणकावर होते. मात्र ही विद्या एके काळी लष्करी गुपित होती आणि ज्याने ती शोधली त्यालाच ती उघड करण्यास मनाई होती, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या माणसाचे नाव गास्पार मोंज.

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील बोन या गावी 1746 साली त्याचा जन्म झाला. वडील फेरीवाले, पुढे त्यांनी किरकोळ व्यापारात जम बसवला. घरात विद्येची परंपरा नव्हती, पण मुलांनी शिकावे अशी तळमळ होती. गावातील धर्मसंघाच्या शाळेत गास्पार चमकला आणि पुढील शिक्षणासाठी लियाँ येथे गेला. तिथे सतराव्या वर्षीच त्याच्यावर पदार्थविज्ञान शिकवण्याची जबाबदारी आली. सुटीत घरी आल्यावर त्याने आपल्या गावाचा मोठा नकाशा तयार केला. मोजणीची उपकरणे त्याने स्वतःच बनवली होती. तो नकाशा एका लष्करी अभियंत्याच्या नजरेस पडला आणि या तरुणाला मेझिएर येथील राजकीय लष्करी अभियांत्रिकी विद्यालयात येण्याचे निमंत्रण मिळाले.

1748 साली स्थापन झालेल्या या विद्यालयात किल्ले, पूल, रस्ते आणि वेढ्याची कामे जाणणारे अधिकारी घडत. तलवार चालवणारे सरदार फ्रान्समध्ये उदंड होते. पण तोफांच्या युगात गणित जाणणाऱ्या अधिकाऱ्यावाचून राज्याचे चालेना. तरीही विद्येआधी कुळ विचारले जाई. प्रवेशपरीक्षा कठीण होती हे खरे, परंतु त्या परीक्षेला बसण्यासाठीच उमरावाचे किंवा तशा प्रतिष्ठेचे घराणे असावे लागे. फेरीवाल्याच्या मुलाला तिथे अधिकारी होता येणे शक्यच नव्हते. मोंज यांची रवानगी झाली ती विद्यालयाला जोडलेल्या कारागिरांच्या विभागात. नकाशे काढणे, दगड कापण्याचे आराखडे करणे, गिलाव्याच्या प्रतिकृती बनवणे हे तिथले काम. त्या विभागाचे टोपणनावही गवंडीकामावरूनच पडलेले होते. आपल्या हातांची स्तुती होते आणि बुद्धीकडे कोणी पाहत नाही, हे शल्य त्यांना दीर्घकाळ बोचत राहिले.

संधी आली ती एका किल्ल्याच्या आराखड्याच्या रूपाने. सभोवतालच्या टेकड्यांवरून शत्रूला किल्ल्याच्या आत पाहता येऊ नये, थेट मारा करता येऊ नये, यासाठी तटाची उंची कोठे किती ठेवावी हा तो प्रश्न होता. प्रत्येक उंचवट्यापासून प्रत्येक बिंदूपर्यंत दृष्टिरेषा धरून आकडेमोड करणे ही रूढ पद्धत. ती अतिशय वेळखाऊ होती. मोंज यांनी आकडेमोड बाजूला ठेवली. भूभाग आणि तट यांची प्रक्षेपणे दोन प्रतलांवर काढून त्यांनी उत्तर रेषांनीच शोधले आणि अपेक्षेपेक्षा फार लवकर ते वरिष्ठांपुढे ठेवले. वरिष्ठ ते तपासायलाच तयार होईनात. एवढ्या वेळात हे गणित सुटूच शकत नाही, अशी त्यांची खात्री होती. मोंज यांनी हट्ट धरला तेव्हा कुठे तपासणी झाली आणि उत्तर बरोबर निघाले.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. मोंज यांना कारागिरांतून उचलून अध्यापनात घेतले गेले आणि 1769 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षाआधीच, ते तेथील गणिताचे प्राध्यापक झाले. ज्या वर्गात त्यांना विद्यार्थी म्हणून बसता आले नसते, त्या वर्गाला ते शिकवू लागले. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्या पद्धतीवर गुप्ततेचा शिक्का बसला. शत्रूच्या हाती पडू नये म्हणून ती विद्यालयाच्या भिंतींबाहेर सांगायची नाही, असे ठरले. पुढे विज्ञान अकादमीचे सदस्यत्व मिळाले, नौदलाच्या विद्यार्थ्यांचे परीक्षक म्हणून पॅरिसची वाट खुली झाली. पण आपला सर्वांत मोलाचा शोध मात्र त्यांना सुमारे पंचवीस वर्षे जाहीरपणे मांडता आला नाही. मेझिएरमधील त्यांच्या शिष्यांत लाझार कार्नो होते. पुढे क्रांतिकाळात फ्रान्सच्या सैन्याची घडी बसवणारे ते हेच कार्नो.

1789 च्या राज्यक्रांतीचे मोंज यांनी मनापासून स्वागत केले, यात नवल नाही. 1792 च्या ऑगस्टमध्ये ते नौदलमंत्री झाले. मंत्री म्हणून मात्र त्यांची कारकीर्द यशस्वी म्हणता येणार नाही. उमराव अधिकारी देश सोडून गेले होते, खजिना रिता होता आणि राजकारणातले डावपेच हा त्यांचा पिंड नव्हता. 1793 च्या एप्रिलमध्ये त्यांनी पद सोडले. त्यांचे खरे काम त्यानंतरचे. युरोपातील राजसत्ता फ्रान्सवर चालून आल्या असताना सोऱ्यासाठी तळघरे आणि तबेल्यांची माती खरवडली जात होती, तोफा ओतण्याचे नवे कारखाने उभे राहत होते. मोंज दिवसभर या कारखान्यांतून फिरत आणि तोफा कशा ओताव्यात यावर त्यांनी एक ग्रंथही लिहिला.

देशाला अभियंते कमी पडत होते. मेझिएरचे जुने विद्यालय मोडकळीस आले होते. 1794 साली नवी शाळा उभारण्याचा निर्णय झाला आणि तिच्या रचनेत मोंज यांचा वाटा मोठा होता. पुढच्याच वर्षी तिला एकोल पॉलितेक्निक हे नाव मिळाले. सैन्याचे अभियंते, तोफखान्याचे अधिकारी, जहाजबांधणी, खाणी, रस्ते आणि पूल या सरकारी खात्यांचे अधिकारी, या सर्वांसाठी पायाभूत शिक्षण एकच आणि प्रवेश स्पर्धापरीक्षेने. कुळाचा दाखला गेला. पहिल्या तुकडीत सुमारे चारशे विद्यार्थी होते आणि शिकताना त्यांना सरकारी वेतन मिळे. गणिताला लाग्रांज, रसायनशास्त्राला बर्थोले असे शिक्षक लाभले. मोंज आपली भूमिती शिकवू लागले, तीही उघडपणे. 1795 मधील त्यांची व्याख्याने 1799 मध्ये ग्रंथरूपाने आली आणि भिंतीआडची विद्या बाजारात विकत मिळू लागली.

या शाळेची कीर्ती पाहून अमेरिकेने वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत तोच अभ्यासक्रम नेला. 1816 पासून क्लोद क्रोझे हा तिचाच माजी विद्यार्थी तिथे शिकवू लागला. दुसरा विद्यार्थी पॉन्सले. लष्करी अभियंता म्हणून रशियाच्या मोहिमेवर गेलेला हा तरुण 1812 साली कैद झाला. जवळ पुस्तक नव्हते. सारातोव्हच्या बंदिवासात मोंज यांचे धडे आठवत त्याने नव्या प्रक्षेपीय भूमितीची मांडणी केली. शिक्षकाचा असा पुरावा विरळाच.

नेपोलियन हा मात्र मोंज यांच्या आयुष्यातील अवघड अध्याय. इटलीतील कलाकृती निवडून पॅरिसला धाडणाऱ्या समितीत ते होते. जेत्याने केलेल्या त्या लुटीत त्यांचा हात होता, हे नाकारता येत नाही. 1798 साली ते नेपोलियनसोबत इजिप्तला गेले, कैरोतील संशोधनसंस्थेचे अध्यक्ष झाले आणि वाळवंटातील मृगजळाचे त्यांनी शास्त्रीय स्पष्टीकरण दिले. पुढे सिनेटचे सदस्यत्व आले आणि 1808 मध्ये काउंट ही पदवीही. सरंजामशाहीचा द्वेष करणारा हा प्रजासत्ताकवादी स्वतःच उमराव झाला. 1804 मध्ये सम्राटाने पॉलितेक्निकला छावणीचे रूप दिले, गणवेश चढवला आणि पुढे शुल्कही लावले. गरिबांच्या मुलांची वाट त्यामुळे पुन्हा अरुंद झाली. हे मोंज यांना रुचले नव्हते, तरी नेपोलियनवरील त्यांची निष्ठा अखेरपर्यंत ढळली नाही.

तिची किंमत त्यांना मोजावी लागली. 1814 मध्ये शत्रू पॅरिसच्या वेशीवर आला तेव्हा पॉलितेक्निकचे विद्यार्थी तोफांवर उभे राहिले. राजसत्ता परतल्यावर 1816 साली शाळा काही काळ बरखास्त झाली आणि त्याच वर्षी मोंज यांचे नाव अकादमीतून कमी करण्यात आले. प्रकृती आणि मन दोन्ही खचलेल्या अवस्थेत 28 जुलै 1818 रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. तोवर पुन्हा सुरू झालेल्या शाळेतील विद्यार्थ्यांनी अंत्ययात्रेला जाण्याची परवानगी मागितली. सरकारने ती नाकारली. शिस्तीत वाढलेल्या मुलांनी आज्ञा मोडली नाही. बाहेर पडण्याची मुभा मिळताच ती सारी पेर लाशेझ दफनभूमीत गेली आणि मोंज यांच्या थडग्यावर त्यांनी पुष्पचक्र वाहिले. त्यांच्या अस्थी पांतेआँत, राष्ट्रपुरुषांच्या शेजारी विसावल्या त्या 1989 साली.