७८ वर्षांचे जेआरडी टाटा जुनाट लाकडी विमान घेऊन कराचीहून मुंबईला एकटे का आले होते?

जुन्या गाड्यांचा नाद असलेला एक तरी दोस्त प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. कुणी आजोबांची लॅम्ब्रेटा चालू करून घेतो, कुणी प्रीमियर पद्मिनीच्या एका पार्टसाठी अख्खा भंगार बाजार पालथा घालतो. पण जगात काही गडी असेही आहेत, जे थेट जुनं विमान विकत घेतात.

या हौशी लोकांचं एक लाडकं विमान म्हणजे सोव्हिएत काळातलं याक-५२. पुढेमागे दोन सीट, ९ सिलिंडरचं ३६० हॉर्सपॉवरचं इंजिन आणि काम एकच, नव्या वैमानिकांना हवेत कोलांट्या मारायला शिकवणं. डिझाइन सोव्हिएत, पण ही विमानं बनायची रोमानियात. इंजिन सुरू व्हायला बॅटरीचा स्टार्टर नाही, दाबून भरलेली हवा लागते. चाकं आत-बाहेर होतात तीही हवेवर आणि ब्रेक लागतात तेही हवेवर. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि तिथल्या फ्लाइंग क्लबमधली ही विमानं युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या हाती गेली.

आता तुम्ही म्हणाल, पैसे असले की झालं. पण जुन्या विमानाचा खरा खर्च किमतीत नसतोच. गाडी किलोमीटरवर मोजतात, विमान तासांवर. इंजिन किती तास चाललंय, पूर्ण खोलून बांधायला अजून किती तास उरलेत, आधीच्या प्रत्येक दुरुस्तीची लॉगबुकात नोंद आहे का, हे आधी बघावं लागतं. उडण्यालायक असल्याचं सरकारी प्रमाणपत्र वेळोवेळी नवं करावं लागतं. आणि त्या काळचं इंजिन हाताळता येणारा मेकॅनिक शोधावा लागतो, जो दरवर्षी जरा जास्तच दुर्मीळ होत जातो. गाडी बंद पडली तर बाजूला घेता येते. आकाशात बाजू नसते.

हे सगळं पक्कं माहीत असलेला एक माणूस मुंबईत होता. जेट विमानांचा जमाना आलेला असताना तो आयुष्यात दोनदा मुद्दाम जुन्या, एका इंजिनाच्या विमानात जाऊन बसला. त्यांचं नाव जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, म्हणजे आपले जेआरडी.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसचा. वडील रतनजी दादाभॉय टाटा, आई फ्रेंच, सुझान ब्रिएर. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्डलो नावाच्या गावात टाटांचं सुट्टीतलं घर होतं आणि शेजारी राहायचे लुई ब्लेरिओ. म्हणजे १९०९ मध्ये विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारा जगातला पहिला माणूस. असा शेजार मिळाल्यावर पोरगं काय होणार!

ब्लेरिओंचा वैमानिक होता अडॉल्फ पेगू. तो कधीकधी विमान थेट हार्डलोच्या वाळूत उतरवायचा आणि गावातली पोरं बघायला धावायची. हा पेगू साधासुधा नव्हता. सप्टेंबर १९१३ मध्ये कीव्हजवळ प्योत्र नेस्तेरोव या रशियन अधिकाऱ्यानं जगात पहिल्यांदा विमानाची हवेत उभी गोल कोलांटी मारली. बक्षीस म्हणून त्याला आधी अटक झाली, सरकारी मालमत्ता धोक्यात घातली म्हणून! नंतर मात्र बढतीही मिळाली. त्यानंतर दोनच आठवड्यांत पेगूनं फ्रान्समध्ये तशीच कोलांटी मारली आणि तो युरोपभर गाजला. पुढे याक-५२ सारखी विमानं जी कसरत शिकवायला बनली, तिची सुरुवात करणाऱ्या दोघांपैकी एकाला जेआरडींनी लहानपणी जवळून पाहिलं होतं.

वयाच्या पंधराव्या वर्षी त्याच किनाऱ्यावर त्यांनी विमानात पहिली फेरी मारली आणि विमानाचं वेड डोक्यात कायमचं बसलं. पण ते लगेच पूर्ण झालं नाही. १९२३ मध्ये आई गेली, १९२६ मध्ये वडील गेले आणि विशीतल्या पोराच्या अंगावर टाटा सन्सचं काम पडलं.

१९२८ मध्ये जुहूला विमानं उतरू लागली. जेआरडी बॉम्बे फ्लाइंग क्लबात दाखल झाले आणि १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. त्यावर नंबर होता १. भारतात दिला गेलेला हा पहिलाच परवाना.

त्याच वर्षी आगा खान यांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं. इंग्लंड ते भारत हे अंतर एकट्यानं उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ते मिळणार होतं, दिशा कोणतीही चालेल. तिघं उतरले. मनमोहन सिंग, अस्पी इंजिनियर आणि जेआरडी. मनमोहन सिंग पोहोचले खरे, पण मुदत उलटून गेल्यावर. उरले दोघं. अस्पी इंग्लंडहून निघाले आणि जेआरडी ३ मे १९३० ला कराचीहून.

विमान होतं जिप्सी मॉथ. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, डोक्यावर छप्पर नाही, सोबत रेडिओ नाही. खाली वाळवंट, हातात नकाशा आणि समोर होकायंत्र. इजिप्तमध्ये अबुकीरला जेआरडी उतरले तर तिथे अस्पी अडकून पडलेले. स्पार्क प्लगनं दगा दिला होता आणि जवळ दुसरा नव्हता. जेआरडींनी आपल्याकडचे जादाचे प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. अस्पी उडाले, कराचीला पोहोचले आणि काही तासांच्या फरकानं बक्षीस जिंकून गेले. हाच पोरगा पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

ही गोष्ट नेहमी जेआरडींच्या दिलदारपणाची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण त्यात एक तांत्रिक मुद्दाही आहे. त्या काळात विमान कितीही भारी असू द्या, सगळा खेळ दोन बोटांत मावेल एवढ्या पार्टवर यायचा. जेआरडींनी जादाचे प्लग सोबत ठेवले होते. तयारी करून निघायची ही सवय त्यांना जन्मभर राहिली.

आता गोष्टीत एक गोरा भिडू येतो. नेव्हिल व्हिन्सेंट, ब्रिटिश हवाई दलातला माजी वैमानिक. १९२९ च्या सुमारास तो आणि त्याचा जोडीदार न्यूऑल पहिल्या महायुद्धातली जुनी डी.एच. ९ बॉम्बर विमानं घेऊन भारतात आले. युद्ध संपल्यावर अशी विमानं ढिगानं शिल्लक पडली होती. हे दोघं गावोगावी जायचे, मोकळं मैदान बघून उतरायचे आणि पैसे घेऊन लोकांना आकाशात फिरवून आणायचे. जत्रेतल्या पाळण्यासारखा धंदा, फक्त पाळणा उडणारा.

या भटकंतीत व्हिन्सेंटला भारतातली मैदानं आणि हवा पाठ झाली. त्यातून त्याच्या डोक्यात आलं की, लंडनची टपाल विमानानं कराचीपर्यंत येते आणि पुढे रेल्वेनं रखडते, मग ती कराचीहून मुंबई-मद्रासला विमानानंच का नेऊ नये? तो हा बेत घेऊन टाटांकडे आला. जेआरडींना पटला, पण घरचे मोठे, दोराबजी टाटा, साशंक होते. टाटांचे एक संचालक जॉन पीटरसन यांनी मध्यस्थी केली आणि २ लाख रुपयांवर काम सुरू झालं. सरकारनं अनुदान दिलं नाही. जितकी टपाल न्याल, तितक्या वजनाचे पैसे मिळणार होते.

त्यासाठी दोन पस मॉथ विमानं आली. पस मॉथ दिसायला देखणं होतं, केबिन बंद, एकच पंखजोडी. त्याला एक गमतीशीर ब्रेकही होता. चाकांच्या दांड्यांवरची आवरणं आडवी फिरवली की हवा अडायची आणि विमान मंदावायचं. पण या विमानाची एक भीतीदायक बाजूही होती. १९३० ते १९३३ या काळात जगात ठिकठिकाणी पस मॉथ हवेतच तुटून पडत होती. खवळलेल्या हवेत पंखाला थरथर सुटायची आणि ती वाढत जाऊन पंख निखळायचा. पुढे एक छोटा जादा आधारदांडा बसवून हा दोष काढला गेला. १५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी जेआरडी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पस मॉथ घेऊन निघाले, तो काळ नेमका या अपघातांचा होता.

सोबत सुमारे २५ किलो टपाल होती. वाटेत अहमदाबादला थांबा होता. तिथे विमानाचं पेट्रोल डब्यांत भरून बैलगाडीतून आणलं गेलं. दुपारी दोन वाजण्याच्या आधी जेआरडी जुहूला उतरले. तिथून टपाल घेऊन व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला गेला. भारताची विमानसेवा अशी सुरू झाली.

जुहूचं ऑफिस म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली झोपडी होती. पावसाळ्यात मैदानावर पाणी साचायचं, मग सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागायचा. तरी पहिल्या वर्षी १५५ प्रवासी बसले आणि ६० हजार रुपये नफा झाला. टपाल वेळेवर पोहोचायची, इतकी की सरकारी अहवालानं त्याची खास दखल घेतली. व्हिन्सेंटला मात्र पुढचं काही बघायला मिळालं नाही. १९४२ मध्ये ब्रिटनहून भारतात परतताना तो बसलेलं लष्करी विमान बेपत्ता झालं.

पुढचा भाग बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून झटपट. १९३८ मध्ये जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले, वय फक्त ३४. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ ला मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून लंडनला निघालं आणि १९५३ मध्ये सरकारनं कंपनी ताब्यात घेतली. जेआरडींना ते अजिबात रुचलं नव्हतं. तरी अध्यक्षपद त्यांनी स्वीकारलं, तेही पगार न घेता. प्रवास करताना ते वही घेऊन बसायचे. पडदा कसा आहे, चहाचा रंग कॉफीसारखा का दिसतो, सगळं टिपून संबंधितांना कळवायचे. आता हे वाचून हसू येईल, पण त्याच काळात एअर इंडियाचं नाव जगात आदरानं घेतलं जायचं.

१९६२ मध्ये पहिल्या उड्डाणाला ३० वर्षं झाली. एअर इंडियाकडे तेव्हा बोइंग ७०७ जेट होती. ५८ वर्षांच्या अध्यक्षांनी मात्र कराची-मुंबई हा जुना मार्ग लेपर्ड मॉथमधून पुन्हा एकदा पार केला. लेपर्ड मॉथ म्हणजे पस मॉथचा धाकटा भाऊ. १९३३ चं डिझाइन, सांगाडा प्लायवुडचा, १३० हॉर्सपॉवरचं इंजिन, पुढे वैमानिक आणि मागे दोघांची जागा.

मग आलं १९७८. वर्षाच्या पहिल्याच दिवशी एअर इंडियाचं एम्परर अशोक हे जंबो जेट मुंबईहून उडाल्यावर काही मिनिटांत समुद्रात कोसळलं. २१३ जणांचा जीव गेला. महिनाभरात मोरारजी देसाईंच्या सरकारनं जेआरडींना अध्यक्षपदावरून काढलं. ज्या माणसानं ही कंपनी पहिल्या दिवसापासून वाढवली, त्याला ही गोष्ट आधी दुसऱ्यांकडून कळली. १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारनं त्यांना पुन्हा संचालक मंडळावर घेतलं, पण अध्यक्षपद काही परत मिळालं नाही.

दोन वर्षांनी, १९८२ मध्ये, पहिल्या उड्डाणाला ५० वर्षं पूर्ण होत होती. जेआरडींनी ठरवलं की आपण पुन्हा उडायचं. तेच दोन टोक, तीच तारीख आणि एकट्यानं. विमान पुन्हा लेपर्ड मॉथच.

इथे वरचं जुन्या विमानाचं गणित आठवा. याक-५२ निदान धातूचं तरी आहे. लेपर्ड मॉथ लाकडाचं. लाकडाला गंज चढत नाही, पण ओल लागते, डिंकाचे सांधे सुटू शकतात आणि हे बाहेरून दिसत नाही, कारण वरून कापड आणि रंग असतो. त्यामुळे असं विमान तपासायचं म्हणजे आतून, सांधा न् सांधा. विमान बनवणारी डी हॅविलँड कंपनी तर तोवर स्वतंत्र उरलीच नव्हती. आणि चालवणारा माणूस ७८ वर्षांचा. शिवाय १९३२ मध्ये कराची-मुंबई हा एकाच देशातला प्रवास होता, १९८२ मध्ये मध्ये सरहद्द होती. म्हणजे यंत्राची तपासणी वेगळी आणि दोन देशांच्या परवानग्या वेगळ्या.

हा हट्ट कशासाठी? मिरवण्यासाठी तर नक्कीच नाही, नाव कमवायचं काही शिल्लकच नव्हतं. जेआरडींना दिसत होतं की देशात उत्साह आटत चाललाय, सुरुवातीच्या दिवसांतली काम चोख करण्याची ईर्ष्या मावळतेय. तरुण पोरांना त्यातून थोडी उमेद मिळावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती. पण एक गोष्ट न सांगताही कळते. आपल्याला काढून टाकणाऱ्या व्यवस्थेबद्दल ते लेख लिहू शकले असते, मुलाखती देऊ शकले असते. त्यांनी ते सोडून ज्या कामापासून सगळं सुरू झालं, तेच काम सगळ्यांसमोर पुन्हा नीट करून दाखवलं.

१५ ऑक्टोबर १९८२ ला ते कराचीहून निघाले आणि जुहूला उतरले. बघायला आलेल्यांपैकी बहुतेकांचा १९३२ मध्ये जन्मही झाला नव्हता.

१९९२ मध्ये जेआरडींना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं. पॅरिसमधल्या पेर लाशेज दफनभूमीत त्यांची कबर आहे.